एक्याऐंशीचा माळ आणि बानूबाई

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला जो मोठा उतरता माळ आहे, त्याला गावात कुणी माळ म्हणत नाही. एक्याऐंशी म्हणतात. "शेरडं कुठं गेली?" "एक्याऐंशीत." "काल वीज कुठं पडली?" "एक्याऐंशीच्या लिंबावर." निजामाच्या काळातल्या मोजणीत त्या जमिनीला हा सर्व्हे नंबर पडला आणि माणसांच्या तोंडात तो बसला. पुढं एकत्रीकरण झालं, सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, सातबारे नवे निघाले. बोलणं जुनंच राहिलं. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा सासूबाईंनी शेत दाखवताना सांगितलं होतं, "हे आपलं, आणि हिथनं वर एक्याऐंशी." मला वाटलं, वस्तीचं नाव असेल.

त्या माळावर बानूबाईनं पंचवीस वर्षं जीव लावला. तिच्याविषयी लिहायचं तर मला माझंही लिहावं लागणार आहे. ते टाळता आलं असतं तर बरं झालं असतं.

बानूबाई धनगराची. माहेर लोहाऱ्याकडचं. तिचा नवरा महारुद्र होता तोवर दोघं मिळून शंभर-सव्वाशे मेंढरं राखायची. तो वारल्यावर तिनं निम्मी विकली आणि उरलेली एकटीनं सांभाळली. आता सत्तरीच्या पलीकडं आहे. ठेंगणी, काटक, चालताना पुढं झुकलेली. रोज सकाळी मेंढरं घेऊन आमच्या दारावरनं जायची, तेव्हा माझी पूजा आटपून मी वहीत लिहायला बसलेली असायची. मला रोजचं लिहायची सवय आहे. तिथी, वार, उपवास कोणता, आडाला पाणी किती, कोण आलं, कोण गेलं. बानूबाई काठी टेकून पायरीवर बसायची, चहा घ्यायची आणि विचारायची, "काय लिवलंस आज?"

"आज प्रदोष आहे मावशी."

"मग आमची काळी मेंढी पहाटं व्याली, दोन झाली, तेबी लिव. देवाच्या शेजारी बसू दे."

मी लिहायची. माझ्या जुन्या वह्यांत प्रदोषाच्या खाली तिच्या मेंढ्यांची बाळंतपणं आहेत.

पाणलोटाचं काम आलं त्या वर्षीची गोष्ट. आमचं शेत माळाला लागून असल्यामुळं मी ती डोळ्यांनी पाहिली. वरून पाणी धावत येतं आणि सरळ निघून जातं, ते अडवायला माळभर आडवे चर खणायचे होते. एक तरुण साहेब तीन काठ्यांची घोडी आणि दोरीला बांधलेला दगड घेऊन उतार मोजत होते. जिथं दगड मधल्या खुणेवर येईल तिथं ते चुना टाकत होते. बानूबाई बाजूला उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "साहेब, ह्या अंगाला तुमची रेघ चुकली. हिथं पानी न्हाय येत."

साहेब हसले. "आजी, हे यंत्र आहे. हे चुकत नाही." तेव्हा ती काही आजी नव्हती, पंचेचाळिशीची असेल.

"यंत्राला पावसात बगितलंय का तुमी? माझी मेंढरं ह्या माळावर पावसात बावीस वर्सं उभी राह्यलीत. जिथं त्यांच्या पायाखालनं पानी निघतं तिथं ती उभी राहत न्हाईत. ह्या खडकावर गप उभी राहत्यात आन् त्या तिकडं एक बी जात न्हाय. मग पानी कुठं असंल?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, जणू मी मध्यस्थी करावी. मी भाकरीचं फडकं डोक्यावर घेऊन उभी होते, मी काय सांगणार? बानूबाईनं कुणाची वाट पाहिली नाही. खाली जाऊन आमच्या विहिरीवरनं घागर भरून आणली आणि साहेबांच्या चुन्याच्या वर ओतली. पाणी चुन्याकडं आलंच नाही. खडकाच्या पोटाला लागून डाव्या हाताला वळलं आणि ओघळीत उतरलं. साहेब भले माणूस होते. त्यांनी चुना पायानं पुसला आणि दुसरी रेघ मारताना तिला पुढं चालायला सांगितलं. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत मजुरांच्या पुढं बानूबाई आणि मागं चुना.

चर झाले, ओघळीत दगडी बांध झाले, गवत पेरलं. पण गवत धरायचं तर तीन वर्षं माळावर जनावर सोडायचं नव्हतं. बैठकीत साहेबांनी हे सांगितलं तेव्हा सगळे बानूबाईकडं बघायला लागले, कारण माळावर खरी चरणारी तिचीच मेंढरं. माळाचा मालक बिभीषण, तो तोंडावरच म्हणाला, "चराईबंदी बानूबाईच्या मेंढरांना कोण वाचून दाखवणार?"

लोक हसले. बानूबाई म्हणाली, "मेंढरांना म्या सांगते. तू तुझ्या बैलाला सांग."

तीन वर्षं ती मेंढरं घेऊन लांब लांब फिरली. तामलवाडीच्या बाजूला, जळकोटच्या पुढं, दुसऱ्यांच्या रानात बसवली. दिराची बोलणी खाल्ली; तो म्हणायचा, स्वतःच्या पोटावर पाय द्यायला कुणी सांगितलं होतं. चौथ्या वर्षी आमच्या आडाला चैत्रात पाणी होतं. त्याआधी शिमग्यालाच तळ दिसायचा. माझ्या वहीत आहे ते: चैत्र शुद्ध नवमी, रामजन्म, आडाला दोन परस, म्हणजे दोन पुरुष खोल पाणी.

एवढं पाणी पुढची वीसेक वर्षं आम्ही प्यायलो, आणि ते कुठनं येतं हे हळूहळू विसरलो.

मग रस्ता रुंद झाला. हायवेला लागून धाबे झाले, गोडाऊनं झाली, प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या. दोन वर्षांपूर्वी, भाद्रपदात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक नकाशा लागला. हायवेच्या गावांचा नवा आराखडा. ज्या जमिनीवर घरं बांधता येतील ती पिवळी, जी शेतीची म्हणून ठेवायची ती हिरवी. तीस दिवसांत कुणाची काही हरकत असेल तर लेखी द्यावी, असं खाली लिहिलेलं. आमचं गाव नकाशावर पाहायला सगळे गेले. एक्याऐंशीचा माळ अख्खाच्या अख्खा पिवळा होता.

बिभीषणाला आनंद झाला आणि मी त्याला दोष देत नाही. तो पारावर म्हणत होता, "माळावर कुसळं उगवत्यात. माझ्या पोरांनी कुसळं खायची का? गावाला पाणी पायजे, ते माझ्याच जमिनीतनं कामून?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

बानूबाई त्या संध्याकाळी मेंढरं वाघरीत, जाळीच्या कुंपणात, कोंडून माझ्याकडं आली. तिनं नकाशा वाचला नव्हता, पण रंग बघितला होता.

"दैवशाले, पिवळं म्हंजी समदीकडं घरं?"

"समदीकडं म्हणजे बांधायची मोकळीक मावशी. जमीन बिनशेती, एन.ए. होऊन प्लॉट पडतील."

"चरं बुजत्याल."

"बुजतील."

मग तिनं जे सांगितलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण एवढं शहाणपणाचं त्या महिन्यात दुसरं कुणी बोललं नव्हतं. "बांधू द्या की घरं. खालच्या अंगाला, रस्त्याकडं, जिथं निस्ता खडक हाय तिथं बांधा. बिभीषणाच्या पोरांनाबी पोट हाय. वरचा निम्मा माळ आन् वघळ तेवढी हिरवी ठिवा. पानी वर मुरतं, खाली न्हाय. एवढंच लिवायचं. तुझं अक्षर चांगलं हाय, तू लिव."

मी लिहिलं. तीन दिवस बसून लिहिलं. चर किती, बांध किती, ओघळ कुठून कुठवर, आडाचं पाणी आधी कधी आटायचं आणि नंतर कधी आटायला लागलं, ते माझ्या वह्यांतून तिथीवार काढलं. वरचा अर्धा भाग हरित ठेवावा, खालचा अर्धा रहिवासासाठी द्यावा, अशी विनंती. खाली बानूबाईचा अंगठा आणि गावातल्या एकतीस बायकांच्या सह्या. हरकतीचा नमुना होता, त्यात एक रकाना होता: गट क्रमांक. मी लिहिलं, ८१.

जळकोटला मुजीबचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. त्याची आजी गुलबानो आणि बानूबाई तरुणपणी बाजाराला एकत्र जायच्या, त्यामुळं बानूबाईला त्याच्या दुकानात आजीचा मान. त्यानं अर्ज टाइप केला, वाचून दाखवला आणि विचारलं, "काकी, गट नंबर बराबर हाय ना? एकदा उताऱ्यावर बघितलं असतं तर..."

मी काही म्हणायच्या आत बानूबाई म्हणाली, "आरं, पाळण्यातल्या लेकराला ठावं हाय. एक्याऐंशी."

आणि मीही म्हणाले, "बरोबर आहे." मलाही दुसरं काही सुचलं नाही. गावात कुणालाच सुचलं नसतं. तीस वर्षं एखाद्या जागेला ज्या नावानं हाक मारली तेच तिचं नाव वाटतं. पितृपंधरवड्यातच मुजीबनं अर्ज जिल्ह्याला नेऊन दिला आणि पोच आणली. बानूबाईनं ती पोच मेणकागदात गुंडाळून कमरेच्या पिशवीत ठेवली.

अकरा दिवसांनी आमच्याकडं घट बसले. मुदत संपायची होती सहाव्या माळेला, शुक्रवारी.

आमच्याकडं घटाचं कडक आहे. काळ्या मातीत धान्य पेरायचं, घट मांडायचा, अखंड दिवा लावायचा, रोज एक माळ चढवायची. दिवा नऊ दिवस विझता कामा नये आणि जिच्या हाती घट आहे तिनं गावची शीव ओलांडायची नाही. सासूबाईंनी पाळलं, त्यांच्या सासूनं पाळलं, मी पाळते. पायात चप्पल नाही, अंथरूण खाली, जेवण एक वेळचं. आई तुळजाभवानीचं गाव आमच्यापासून फार लांब नाही, पण त्या नऊ दिवसांत मी तिथंही जात नाही. तीच घरी आलेली असते.

तिसरी माळ मंगळवारी होती. आमचे हे पीकविम्याच्या तक्रारीसाठी सातबाऱ्याचा उतारा काढून घेऊन आले आणि देवघराच्या उंबऱ्याशी ठेवून हातपाय धुवायला गेले. दिव्यात तेल घालून मी सहज तो कागद उचलला. आमच्या शेताचा गट क्रमांक वर मोठ्या अक्षरात होता, २१४. आणि खाली बारीक अक्षरात, जुना सर्व्हे नंबर, ७९.

मी तो कागद दोनदा वाचला. आमचं एकोणऐंशी जर दोनशे चौदा झालं असेल, तर शेजारचं एक्याऐंशी काहीतरी वेगळंच असेल, दोनशे सोळा, सतरा, पण एक्याऐंशी नक्कीच नाही. मग गट ८१ कुठं असेल? मी ह्यांना विचारलं. ते पाय पुसत म्हणाले, "एक्याऐंशी गट? ते हायवेच्या पल्याड, गोडाऊनं हाईत तिथं. कामून?"

मी सांगितलं.

पाय पुसायचं फडकं त्यांनी खाली टाकलं. मग म्हणाले, "मग चुकलंच की."

"तीन दिवस आहेत. नवा अर्ज देता येईल. मला लिहायला एक तास लागंल. कुणीतरी नेऊन दिला पाहिजे."

"कुणीतरी म्हंजे कोण? सोयाबीन काढायला आलंय. मला कुठं येळ." ते बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आन् बघ. वरचा माळ पिवळा झाला, तर आज न् उद्या आपल्या रानालाबी तेच होतंय, भाव येतोय. शिवराजला पुण्यात घर घ्यायचंय. आपण मुद्दाम काय केलं न्हाय. तुझ्या हातनं चुकलं, देवाच्या मनात असंल. बसू दे."

शिवराज आमचा मुलगा. मी दिव्याकडं बघत बसले. मनात म्हटलं, मी शीव ओलांडू शकत नाही. दसऱ्यानंतर बघू. दसऱ्यानंतर मुदत संपलेली असणार हे मला माहीत होतं, तरी मी तसंच म्हटलं.

दिव्याचं कारण खरं होतं. पण ते एकटं नव्हतं. त्याच्या मागं शिवराजचं घर उभं होतं, आणि मी दिवा पुढं धरला म्हणून ते मला स्वतःलाही दिसलं नाही. आईसमोर बसून मी हे केलं. नवरात्रात तेलाची धार कमी पडू दिली नाही आणि हे होऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी, चौथ्या माळेला, बानूबाई घटाला वाहायला कारळ्याची फुलं घेऊन आली. बांधावरची, ताजी, ओली. उंबऱ्याच्या बाहेर बसली, हात जोडले. म्हणाली, "आई, माळ राख." मग माझ्याकडं वळून, "दैवशाले, कागद बरोबर पोचला न्हवं? काय राह्यलं न्हाय ना?"

तेव्हा सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. आत हे खोकले.

मी म्हणाले, "पोचला मावशी. काही राहिलं नाही."

त्या दिवशीच्या पानावर मी फक्त लिहिलं आहे: चौथी माळ, कारळ्याची.

सुनावणी मार्गशीर्षात झाली. बानूबाईनं नवं लुगडं नेसलं. ती, मी आणि तीन बायका एस.टी.नं जिल्ह्याला गेलो. दालनात मोठा नकाशा लावला होता. सुनावणी घेणारे साहेब वयस्कर होते आणि वागायला सौम्य. त्यांनी आमचा अर्ज पूर्ण वाचला, मधे मान हलवली. म्हणाले, "फार व्यवस्थित लिहिलंय. आजी, तुमची मागणी रास्त आहे. अर्धा विकास, अर्धा पाणलोट. असे अर्ज आमच्याकडं फार कमी येतात."

बानूबाईनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा एवढा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी पेन्सिलीचं टोक नकाशावर ठेवलं. "पण गट एक्याऐंशी हा इथं आहे. हायवेला लागून. इथं आधीच गोदामं आहेत. इथं कुठला पाणलोट?"

"साहेब, तिथं न्हाय," बानूबाई उठून नकाशाजवळ गेली. नकाशा तिला कळत नव्हता, पण हायवेची जाड रेघ तिनं ओळखली आणि तिच्या वरच्या अंगाला तळहात ठेवला. "हिथं. एक्याऐंशी हिथं हाय."

"तो गट दोनशे सतरा आहे, आजी."

"आसंल तुमच्या कागदात. गावात एक्याऐंशीच म्हणत्यात."

साहेबांनी चष्मा काढला. "दोनशे सतराबद्दल मुदतीत एकही हरकत आलेली नाही. मुदतीनंतर मला काही घेता येत नाही. शेवटच्या आठवड्यात जरी दुरुस्तीचा एक साधा अर्ज आला असता, तरी मी तो जोडून घेतला असता."

हे वाक्य त्यांनी बानूबाईला सांगितलं. लागलं मला.

परतीच्या एस.टी.त बानूबाई खिडकीशी बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "ह्ये मुजीबनं केलं. मिशिनीत त्यानंच नंबर घातला. प्लाटवाल्यांनी त्याला चहा पाजला आसंल."

"नाही मावशी, तो तसा नाही."

"तू भोळी हाईस. तू काय खोटं लिवनार व्हतीस? मग उरलं कोण?"

मी गप्प बसले. एस.टी. गावात येईपर्यंत गप्प बसले आणि नंतर पंधरा महिने गप्प बसले.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. आराखडा मंजूर झाला. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर माळावर जे.सी.बी. आलं. पाणलोटाच्या साहेबांच्या चुन्यापुढं चालत बानूबाईनं जे चर आखून दिले होते ते दोन दिवसांत बुजले, त्यावर मुरूम पडला, रस्ते झाले, चुन्यानं प्लॉट आखले गेले. ओघळीतल्या बांधांचे दगड उचलून प्लॉटिंगच्या तोंडाशी कमान उभी केली. ओघळ नकाशावर नव्हतीच. तिच्यावरनं प्लॉट नंबर बेचाळीस आणि त्रेचाळीस पडले. बानूबाई सुरुवातीला रोज वर जाऊन उभी राहायची. ड्रायव्हर तिला लांबूनच "आजी, बाजूला" म्हणायचा. मग ती जायची बंद झाली. निम्मी मेंढरं भाचीकडं लोहाऱ्याला धाडली.

त्या साली शिमग्याला आडाचा तळ दिसला. टँकर आला. मी वहीत ते लिहिलं नाही.

गप्प राहणं मोडलं ते मुजीबमुळं. शिमग्यानंतरच्या आठवड्यात मी जळकोटला बाजाराला गेले होते. स्टँडजवळ त्याच्या दुकानापुढं माणसं थांबली होती आणि बानूबाई बाहेर उभी राहून त्याला बोलत होती. आवाज चढलेला नव्हता. तसाच बारीक, रोजचा. "तुझी आजी माझ्या ताटात जेवलीय. तिच्या नातवानं गावचं पानी इकावं? आरं, मला सांगितलं असतंस तर म्या तुला दोन मेंढ्या दिल्या असत्या."

मुजीब काउंटरमागं मान खाली घालून उभा होता. त्याची बायको आफरीन आतून म्हणाली, "अम्मा, यांनी काय केलं न्हाय, अल्लाची कसम." बानूबाईनं तिकडं बघितलंही नाही. मुजीबनं माझ्याकडं पाहिलं. त्याला ठाऊक होतं. त्यानंच विचारलं होतं ना, उताऱ्यावर बघितलं असतं तर. पण तो माझ्याकडं बोट दाखवत नव्हता. पंधरा महिने त्यानं कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

मी बानूबाईचा हात धरून तिला बाजूच्या वडाच्या पाराकडं नेलं आणि बसवलं.

"मावशी, नंबर मी चुकवला. मुजीबनं विचारलं होतं, बरोबर आहे ना म्हणून. आपण दोघी होय म्हणालो."

"मग त्येला काय," ती म्हणाली. "चूक काय, कुनाकडनंबी हुती. म्याबी एक्याऐंशीच म्हनले. हे तवाच सांगायचं हुतं, म्या त्या लेकराला उगं बोलले." ती उठायला लागली.

तिथंच थांबता आलं असतं. तिनं मला माफ केलेलंच होतं. पण मी म्हणाले, "मावशी, मला आधी कळलं होतं. मुदत संपायच्या आधी."

ती पुन्हा बसली. "कवा?"

"तिसऱ्या माळेला."

तिनं बोटांवर मोजलं. "तिसरी. चौथी. पाचवी. सहावी." मग चौथीचं बोट पुन्हा धरलं. "चौथ्या माळंला म्या तुज्या दारात आलते. फुलं घिऊन."

"होय."

"म्या इचारलं."

"होय. मी सांगितलं नाही. घट बसले होते मावशी, दिवा... मला शीव ओलांडता येत नव्हती." हे बोलताना मला माझीच लाज वाटली, पण तोंडातून दुसरं निघेना. मग तेही सांगितलं, शिवराजचं घर, ह्यांचं बोलणं, सगळं. ती ऐकत होती. रस्त्यानं ट्रक जात होते. एका ट्रकवर मुरूम भरलेला होता, तो आमच्या गावाकडं वळला.

तिनं शिवराजच्या घराबद्दल काही म्हटलं नाही. ह्यांच्याबद्दलही नाही. एवढंच म्हणाली, "मला बोलवायचं न्हाय? दिव्याम्होरं म्या बसले असते. रातभर बसले असते. तेल घालायला मला येतंय की. तू जाऊन आली असतीस."

मला हे सुचलंच नव्हतं. तिसऱ्या माळेपासून सहाव्या माळेपर्यंत शंभरदा मी विचार केला होता, आणि घरचा दिवा दुसऱ्या कुणाच्या हाती देता येतो हे एकदाही मनात आलं नव्हतं.

बानूबाई उठली, लुगडं झटकलं आणि सरळ मुजीबच्या दुकानात गेली. बाहेरची माणसं पांगली होती. तिनं काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. काउंटरपलीकडं आफरीननं तिच्यासाठी खुर्ची सरकवली, आणि ती खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसली, एवढं दिसलं. मी पारावरच उभी राहिले. आत जायचा मला धीर झाला नाही.

त्यानंतर दोन नवरात्रं आली आणि गेली. एक चैत्रातलं, एक आश्विनातलं. आश्विनात घट बसवले, पण ह्या वेळी मी शेजारणीला किल्ली देऊन ठेवली होती. तशी वेळ आली नाही. बानूबाई आता सकाळी आमच्या दारावरनं जात नाही. मेंढरं उरलीत ती खालच्या रस्त्यानं नेते. भेटलो तर बोलते, कुणाकडं काय झालं ते विचारते, माझ्या गुडघ्याला लावायला निर्गुडीचा पाला सांगते. ती मला कधी टाकून बोलली नाही. फक्त पायरीवर बसत नाही.

परवा तिला मी वाटेत गाठलं. म्हणाले, "मावशी, खालच्या गट दोनशे चौदाचा, आमचा, अर्ज देणार आहे. पुढं आराखडा बदलला तरी आमचं रान हिरवंच राहू द्या म्हणून. ह्यांच्याशी भांडून देणार आहे."

तिनं थांबून माझ्याकडं बघितलं. "दे. बरं करशील." मग मेंढरांना हाळी देऊन पुढं निघाली, आणि चार पावलांवरनं, न वळता म्हणाली, "पर वरनं पानीच न्हाय यायचं, त्याला हिरवं ठिवून काय करशील?"

ती गेली तरी मी बांधावर उभी होते. वर माळावर त्रेचाळीस नंबरच्या प्लॉटवर पाया खणायचं चाललं होतं. ओघळीचा खडक लागला होता, म्हणून मशीन थांबलं होतं आणि दोन माणसं त्यावर पहार चालवत होती.